अप्रेझल (कर्जासाठीचं घराचं मूल्यांकन) कमी आलंय आणि अप्रेझरशी बोलायची सोय नाही. तुमच्याकडे काय करतात?

मिडलसेक्सकर:

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत मॉर्टगेज लोन ऑफिसर आहे, २००३ पासून. इथे घर घेण्याच्या गडबडीतले बरेच जण असतात आणि मूल्यांकनाच्या धंद्यातलेही दोघे-तिघे आहेत, म्हणून लिहितोय. थोडं विचारायचंय, बाकी बरंचसं मन मोकळं करायचंय.

परवाची केस. एडिसनमधलं घर, तीन बेडरूम, अडीच बाथ, बेसमेंट छान करून घेतलेलं. सौदा ठरला ६ लाख ४० हजार डॉलरला. घेणारं जोडपं आपलंच, नागपूरकडचं. डाउन पेमेंट दहा टक्के, म्हणजे ६४ हजार. चार वर्षं काटकसर करून जमवलेले. अप्रेझल आलं ६ लाख ५ हजार.

ज्यांना यातलं गणित माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ठरलेली किंमत आणि अप्रेझल यांत जो आकडा कमी, त्यावर कर्ज मिळतं. ६,०५,००० चे ९० टक्के म्हणजे ५,४४,५००. घरमालकाला मात्र द्यायचे ६,४०,०००. म्हणजे ६४ हजारांचे झाले साडेपंच्याण्णव हजार. वरचे साडेएकतीस हजार तीन आठवड्यांत उभे करायचे, कारण व्याजदराचा लॉकही (ठरलेला दर टिकण्याची मुदत) तेवढेच दिवस आहे. ती मुलगी फोनवर पहिलं वाक्य काय बोलली असेल? "काका, आमचं काही चुकलं का?"

रिपोर्ट उघडून बसलो. अप्रेझर आलेला ओशन काउंटीतून, तासाभराच्या ड्राइव्हवरून. तुलनेला घेतलेल्या घरांपैकी एक रूट वन हायवेच्या पलीकडचं, एक मेटूचेनचं. आता मेटूचेन हे गाव एडिसनच्या पोटात आहे, चहूबाजूंनी एडिसन. नकाशावर ते घर अर्ध्या मैलावर दिसतं. पण गाव वेगळं, शाळा वेगळ्या, कर वेगळा. इथे राहणाऱ्या शेंबड्या पोराला कळेल हे. आणि कहर म्हणजे बाथरूम लिहिलीत दीड! वरच्या मजल्यावर मास्टर बेडरूमला लागून असलेलं बाथरूम मोजलंच नाही. त्याच रिपोर्टच्या फोटोंच्या पानावर त्या बाथरूमचा फोटो आहे. निळ्या टाइल्स, खिडकीत कोरफडीची कुंडी. फोटो काढणारा तोच, मोजणारा तोच.

(बेसमेंटवरून त्या मुलाचा जीव फार तुटतोय, गणपती तिथेच बसवायचा ठरलाय त्यांचा. त्याला समजावलं की बाबा, जमिनीखालचं क्षेत्रफळ कितीही नटवलंस तरी राहत्या क्षेत्रफळात धरत नाहीत, वेगळं दाखवतात. ते अप्रेझरचं चुकलेलं नाही.)

तर या माणसाचं नाव, लायसन्स नंबर आणि फोन नंबर रिपोर्टवर छापलेला आहे. दोन मिनिटांचा फोन. "साहेब, फोटो क्रमांक सातमधलं बाथरूम राहिलं का हो?" पण तो फोन मी करू शकत नाही. आमच्याकडे लोन ऑफिसरने अप्रेझरशी किमतीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. निवडायचा तर नाहीच. ऑर्डर जाते अप्रेझल मॅनेजमेंट कंपनीकडे, ती कुणाला तरी पाठवते, आणि आम्ही पोर्टलवर 'प्रलंबित' बघत बसतो.

हे असं का झालं ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण मी त्या आधीच्या काळातला आहे. २००५-०६ साली ऑर्डरचा फॉर्म फॅक्स करायचो, त्यावर 'अंदाजे किंमत' असा एक चौकोन असायचा. त्या चौकोनात आम्ही लिहायचो तो अंदाज नव्हे, फर्माईश असायची. त्याच्याही आधी फोन करायचो, "चारशेवीस (हजार) येईल का? येत नसेल तर जाऊच नकोस." जो नाही म्हणायचा त्याला पुढची ऑर्डर मिळायची नाही. धमकी कुणी देत नव्हतं, तशी गरजच नव्हती. एक म्हातारा इटालियन अप्रेझर होता, तो मला एकदा म्हणाला, "तुला घराची किंमत हवीय की तुझ्या कर्जाची?" त्याला मी नंतर काम दिलं नाही. हे इथे लिहितोय, कारण नाहीतर कुणीतरी म्हणेलच की तुम्हीच खड्डा खणलात.

मग २००७ साली न्यू यॉर्कचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल अँड्र्यू क्युमो यांनी वॉशिंग्टन म्युच्युअल बँकेच्या दबावाखाली फुगवलेल्या अप्रेझलवरून एका मोठ्या अप्रेझल कंपनीवर दावा ठोकला. पुढच्या वर्षी फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जं विकत घेणाऱ्या बड्या संस्थांशी करार केला, आणि १ मे २००९ पासून 'होम व्हॅल्युएशन कोड ऑफ कंडक्ट' (अप्रेझरवर दबाव येऊ नये म्हणूनची आचारसंहिता) लागू झाला. तो कोड २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यानंतर गेला, पण आम्ही आणि अप्रेझर यांच्या मधली भिंत कायद्यात कायम झाली.

भिंत हवी होती, मान्य. पण भिंतीतून दबाव जाऊ नये म्हणून ती बांधली आणि आता साधी माहितीही जात नाही. वर मधली कंपनी दलाली खाते. माझ्या क्लायंटने अप्रेझलचे भरले ६५० डॉलर. ज्याने घर मोजलं त्याच्या हाती किती पडले असतील? तासभर गाडी हाकून तो येतो तो हौसेनं नव्हे. जवळचा, जाणता माणूस त्या पैशात येत नाही, म्हणून हा येतो.

विचारायचं ते हे: फेरविचाराचा अर्ज (आरओव्ही) करतोय. कुणाचा अलीकडचा अनुभव? आणि भारतात बँकांचं व्हॅल्युअर पॅनल (ठरलेल्या मूल्यांककांची यादी) असतं, तिथे हे कसं चालतं?

ऑस्टिनची फूटपट्टी:

मी टेक्ससमध्ये सर्टिफाइड रेसिडेन्शियल अप्रेझर आहे. त्याआधी पुण्यात आर्किटेक्ट होते. तुमच्या पोस्टमधला राग कळला, पण भिंतीच्या या बाजूनं काय दिसतं ते ऐका.

पहिलं म्हणजे तुमची तोंडं बंद केलेली नाहीत हो. कायद्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्यात: आणखी माहिती विचारात घ्या म्हणून सांगता येतं, निष्कर्षाचं स्पष्टीकरण मागता येतं आणि चुका दुरुस्त करायला सांगता येतं. तुमच्या कंपन्यांना घाबरायची सवय लागलीय म्हणून त्या सरसकट 'बोलू नका' म्हणतात. बाथरूमची चूक हा तर तिसऱ्या प्रकाराचा शुद्ध नमुना आहे.

दुसरं म्हणजे, तुम्ही पाठवता ते आमच्यापर्यंत पोचतं कसं ते सांगते. गेल्या महिन्यात मला पोर्टलवर मेसेज आला: "कर्जदाराने दिलेली घरे तपासून उत्तर द्यावे." घरं कुठली? जोडलेली फाइल नाही. विचारलं तर दोन दिवसांनी उत्तर, "कृपया तपासून उत्तर द्यावे." त्या पलीकडच्या लोन ऑफिसरला वाटलं असणार, बाई आखडू आहे.

तिसरं, फीचं. तुमच्या ६५० मधले तिकडच्या माणसाला किती मिळाले ते मी कसं सांगणार, पण माझ्याकडे असेही दिवस असतात की क्लायंटच्या कागदावरचा आकडा आणि माझ्या बिलाचा आकडा यांत दोनशेहून जास्त फरक असतो. कायदा 'रूढ आणि वाजवी' फी द्या म्हणतो. वाजवी कुणाच्या मते?

मात्र एका गोष्टीत तुमच्या बाजूनं आहे. गाव माहीत नसेल तर ते काम घेऊच नये किंवा घेताना तसं सांगून माहिती करून घ्यावी, हे आमच्याच व्यावसायिक मानकांत आहे. मेटूचेनचं घर घेतलं हा गुन्हा नाही, फरकाचं समायोजन (त्यापोटी किमतीत वजा-बेरीज) न देता घेतलं असेल तर आहे.

अर्ज करताना: पर्यायी घरं जास्तीत जास्त पाच. सौदा पूर्ण झालेली, काँट्रॅक्टच्या तारखेच्या आसपासची, त्याच भागातली. 'चांगल्या शाळा', 'चांगली वस्ती' असले शब्द अजिबात नकोत, सरळ गावाचं नाव आणि अंतर लिहा. आणि कर्जदाराच्या वतीनं एकाच रिपोर्टवर एकदाच अर्ज करता येतो, म्हणून घाईत अर्धवट पाठवू नका. बाथरूमचं पहिल्या ओळीत, फोटो क्रमांकासकट. किमतीचा आकडा मात्र लिहू नका. "६४० व्हायला पाहिजे" दिसलं की माझं मन आपोआप बंद होतं, खरं सांगते.

पॅनलवाला नाशिक:

मिडलसेक्सकर, तुम्हाला भिंत टोचतेय. आमच्याकडे भिंतच नाही, साधा पडदाही नाही.

मी सिव्हिल इंजिनिअर, सरकारमान्य मूल्यांकक, तीन बँकांच्या पॅनलवर आहे. व्हॅल्युअर स्वतंत्र असावा, त्याचा व्यवहारात हितसंबंध नसावा, बँकेने बोर्डाच्या मंजुरीचं धोरण ठेवावं, हे रिझर्व्ह बँकेने २००७ सालीच सांगून ठेवलंय. ५० कोटी किंवा त्याहून जास्त किमतीच्या मालमत्तेला दोन स्वतंत्र रिपोर्ट लागतात. पाथर्डी फाट्यावरच्या वन बीएचकेला मी एकटाच.

आता रोजचं. सकाळी नऊला डीएसएचा (बँकेला कर्जाची गिऱ्हाइकं आणून देणारा एजंट) फोन, "सर, आज तुमच्याकडे एक फाइल येतेय." फाइल बँकेनं पाठवायच्या आधी याला माहीत. मग, "पार्टी चांगली आहे सर, अठ्ठेचाळीस (लाख) बसवा ना." करारनामा असतो अडतीसचा, स्टँप ड्युटी वाचवायला कमी दाखवलेला. उरलेले दहा कुठून आले ते कुणी बोलत नाही. बँक करारनामा आणि माझा आकडा यांत जो कमी त्यावर जाते, म्हणजे मी अठ्ठेचाळीस लिहूनही उपयोग शून्य, हे त्याला दहा वेळा समजावलंय. मग फर्निचरचा वेगळा करार करतात. फर्निचर म्हणजे एक मॉड्युलर किचन आणि पडदे.

त्यात कर्जाची मर्यादा ठरलेली: ३० लाखांपर्यंत ९० टक्के, ७५ लाखांपर्यंत ८०, त्यावर ७५. स्टँप ड्युटी आणि नोंदणी त्यात धरायची नाही, अगदी दहा लाखांच्या आतलं घर सोडलं तर. तेवढी रोकड हातात नसते, मग सगळा भार व्हॅल्युअरच्या आकड्यावर.

मागे नाशिकच्या सिडको भागातलं एक रो-हाउस होतं. मंजूर नकाशात तळमजला, प्रत्यक्षात वर दोन मजले. मी नकाशाएवढंच धरलं. मालक म्हणाला, "मग वरचे मजले काय हवेत आहेत का?" चूक नव्हता बिचारा, मजले होतेच. डीएसए मात्र त्यानंतर वर्षभर माझ्या फाइल्स दुसऱ्या पॅनलवाल्याकडे वळवत राहिला. आणि उद्या ते कर्ज बुडालं असतं तर बँकेनं मलाच विचारलं असतं. बँक्स असोसिएशनची सावधगिरीची यादी असते, तिच्यात नाव गेलं की सगळ्याच बँकांची दारं बंद.

फी म्हणाल तर दोन हजार रुपये. सिन्नरला जाऊन यायचं पेट्रोल त्यातच.

तुमचा तो इटालियन म्हातारा मला ओळखीचा वाटला.

कर्जाळू:

स्पष्ट बोलतो, राग नको. लोन ऑफिसरचं कमिशन क्लोजिंग (व्यवहार पुरा होऊन घर ताब्यात येणं) झालं तरच मिळतं. घर खरंच ६०५ चं असेल तर त्या पोरांचे पस्तीस हजार वाचले ना! मी २०२१ मध्ये अप्रेझलची अट (अप्रेझल कमी आलं तर सौदा मोडता येण्याची) सोडून घर घेतलं, वरचे चाळीस हजार खिशातून भरले. आज वाटतं, त्या अप्रेझरचं ऐकायला हवं होतं.

मिडलसेक्सकर:

कर्जाळू, राग कसला. क्लोजिंग झालं तरच कमिशन, बरोबर आहे, म्हणूनच तर भिंत हवी होती असं वरच लिहिलंय. पण घर ६०५ चं आहे हे जो सांगतोय त्याने आधी बाथरूम तर मोजावं. कमी आकडा हा खरा आकडा असतोच असं नाही.

नाशिककर, तुमचं दोनदा वाचलं. 'अठ्ठेचाळीस बसवा ना' आणि माझं 'चारशेवीस येईल का' यांत फरक फक्त चलनाचा. त्या म्हाताऱ्याचा नंबर शोधला, मिळाला नाही.

फूटपट्टीताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे आधीचा अर्ज फाडला आणि नवा केला. 'शाळा' शब्द काढला. आकडा काढला. पहिल्या ओळीत बाथरूम, फोटो सात. चार घरं दिली, चारही त्याच पट्ट्यातली. फाइल जोडली गेलीय का ते मॅनेजमेंट कंपनीला फोन करून विचारलं, तर खरंच गेली नव्हती! पुन्हा जोडली.

मिडलसेक्सकर (नऊ दिवसांनी):

कळवायचं राहिलं होतं. बाथरूम मान्य झालं. माझ्या चारपैकी एक घर त्यांनी घेतलं, तीन का घेतली नाहीत ते प्रत्येकी एका ओळीत लिहिलं, आणि खरं सांगायचं तर त्यातली दोन कारणं मला पटली. नवा आकडा ६,१४,०००. त्यावर घरमालकाशी वाटाघाटी होऊन किंमत ६,२८,००० वर आली. म्हणजे कर्ज ५,५२,६००, आणि पोरांचे खिशातून ७५,४००. अकरा हजार चारशे जास्त लागले, ते मुलीच्या वडिलांनी दिले, सोबत गिफ्ट लेटर (पैसे भेट आहेत, उसने नाहीत असं पत्र). लॉक संपायला दोन दिवस असताना क्लोजिंग झालं.

सुधारलेल्या रिपोर्टवर त्या अप्रेझरने शेवटी एक ओळ लिहिली होती, की चूक दाखवल्याबद्दल आभारी आहे. इतक्या वर्षांत अशी ओळ मी पहिल्यांदा पाहिली. खाली त्याचा फोन नंबर तसाच छापलेला. आमच्या कम्प्लायन्समधल्या (नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागातल्या) बाईंना विचारलं, आता तर क्लोजिंग झालंय, एक फोन करून थँक्स म्हणू का? त्या म्हणाल्या, "कशाला उगाच."