निळी बाही की पिवळं आभाळ? ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची कोणती डिस्क ठेवावी

दोनछिद्री

थेट मुद्द्यावर येतो. सर्जिओ लिओनेचा हा १९६६ चा वेस्टर्न सिनेमा घरात एकदाच विकत घ्यायचा असेल तर किनो लॉर्बर या अमेरिकी कंपनीचा ऑगस्ट २०१७ चा ब्लू-रे संच घ्यावा, आणि त्यातही १६१ मिनिटांचा कट (म्हणजे सिनेमाची तेवढ्या लांबीची आवृत्ती) बघावा. १७९ मिनिटांची लांब आवृत्ती ही पुरवणी आहे, सिनेमा नाही.

ज्यांच्या डोक्यात आवृत्त्यांची सरमिसळ झाली आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. डिसेंबर १९६६ मध्ये इटलीत लागला तो कट बराच लांब होता. वर्षभराने अमेरिकेत लागला तो १६१ मिनिटांचा, आणि इटलीबाहेरच्या बहुतेकांच्या आठवणीतला सिनेमा तोच. २००३ च्या सुमारास एमजीएम स्टुडिओने इटालियन कटमधली दृश्यं परत जोडून त्यांना इंग्रजी आवाज दिला. २००४ ची दोन डिस्कची डीव्हीडी त्याचीच, आणि २००९ चा ब्लू-रेही. त्यानंतर २०१४ चा ‘रीमास्टर्ड’ ब्लू-रे आला. त्यासाठी बोलोन्याच्या लिमाजिने रित्रोवाता प्रयोगशाळेत ४के (ब्लू-रेच्या चौपट ठिपक्यांचं) काम झालं होतं, पण अख्खा सिनेमा हळदीत बुडवून काढल्यासारखा दिसत होता. २०१७ मध्ये किनोने तोच मास्टर (ज्यावरून डिस्क बनते ती मूळ प्रत) घेऊन पिवळेपणा बराच उतरवला आणि अमेरिकेत १६१ मिनिटांचा कट पहिल्यांदा ब्लू-रेवर दिला. २०२१ मध्ये त्यांचीच ४के डिस्क आली. तिच्यावर फक्त छोटा कट आहे.

पिवळेपणाबद्दल ‘आवडीचा प्रश्न आहे’ असं म्हणून विषय मिटवला जातो. मला ते पटत नाही, कारण या सिनेमात रंगावर कथा वळते. टुको (इलाय वॉलॅक) आणि ब्लाँडी (क्लिंट ईस्टवूड) अमेरिकन यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या सैन्याचे करडे गणवेश घालून गाडीतून चालले आहेत. समोरून घोडदळ येतं, तेही करडं. टुको खुशीत जयजयकार करतो. अधिकारी जवळ येऊन बाहीवरची धूळ झटकतो आणि खाली निघतो निळा गणवेश, म्हणजे शत्रू. २०१४ च्या डिस्कवर ती बाही हिरवट दिसते आणि धूळ खाकी. करड्यातून निळा निघण्याची जी गंमत आहे, ती खाकीतून शेवाळी निघाल्यावर काय राहणार?

कोणतीही डिस्क हातात आली की आधी हे दृश्य लावा. मग टुकोच्या अंघोळीच्या दृश्यातला टबातला फेस बघा. फेस पांढरा नसेल तर पुढचं काही बघायची गरज नाही.

धुळवड

सरसकट असहमत. निळ्या बाहीचा मुद्दा चांगला आहे, पण त्यावरून २००९ चा मास्टर ‘खरा’ आणि २०१४ चा ‘खोटा’ ठरत नाही. सिनेमा १९६६ च्या वसंतापासून जुलैपर्यंत मुख्यतः स्पेनमध्ये चित्रित झाला: अल्मेरियाचं वाळवंट, आणि शेवटचा भाग बुर्गोसच्या बाजूला. तिथल्या कास्तिलच्या पठारावर जुलैत गवत वाळून पिवळंच होतं. शेवटच्या दृश्यातल्या सॅड हिलच्या स्मशानात हिरवळ शोधणाऱ्यांनी २००९ च्या डिस्कमधली थंड, निळसर त्वचा कशी चालवून घेतली?

दुसरं, २००९ च्या डिस्कमध्ये ग्रेन (फिल्मचा दाणेदारपणा) पुसून टाकला आहे. जवळच्या चौकटीत एंजल आइज झालेल्या ली व्हॅन क्लीफच्या गालावरच्या सुरकुत्या मेणासारख्या दिसतात, आणि टोपीच्या कडेला आभाळासमोर पांढरी रेघ उमटते. २०१४ मध्ये निदान चेहरे परत आले. रंग चुकला असेल तर टीव्हीवर थोडा सुधारता येतो. पुसलेला ग्रेन परत आणता येत नाही.

दोनछिद्री

२००९ च्या डिस्कचा कैवार मी घेतलेलाच नाही, वर बघा. तिच्या मेणकट चेहऱ्यांबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत.

पण ‘टीव्हीवर सुधारता येतो’ हे चालणार नाही. पांढरा समतोल बदलताना तुम्ही निळ्याचा गेन वाढवणार. त्याने फेस पांढरा होईल, पण गडद भाग जांभळट होतील. कारण २०१४ च्या ग्रेडिंगमध्ये (रंगछटा ठरवण्याच्या कामात) पिवळा सगळीकडे सारखा ओतलेला नाही. उजळ भागात आणि आभाळात तो जास्त आहे, सावल्यांत कमी, आणि आकाशी छटा तर मुळातच दाबली आहे. दाबलेली छटा एका बटणाने परत येत नाही. म्हणूनच किनोलाही पुन्हा ग्रेडिंगला बसावं लागलं, आणि तरीही त्यांच्या डिस्कवर थोडी ऊब उरलीच आहे.

काडतूस

अवांतर वाटेल, पण या भांडणात निम्मे लोक टीव्ही ‘व्हिव्हिड’ मोडवर ठेवून मतं देतात. त्या मोडमध्ये पांढरा इतका निळा असतो की २०१४ ची डिस्क बऱ्यापैकी ठीक दिसते आणि २०१७ ची फिकट. तुलना करण्याआधी एवढं करा: फिल्ममेकर मोड किंवा सिनेमा मोड, कलर टेंपरेचर सर्वांत उबदार, शार्पनेस शून्य (काही कंपन्यांच्या टीव्हीत तटस्थ आकडा शून्य नसून मधला असतो, तो मॅन्युअलमध्ये बघा), नॉइज रिडक्शन बंद, मोशन स्मूदिंग बंद. खोलीतला पिवळा दिवाही बंद. त्याच्या उजेडात बसलं की डोळा पिवळ्याला सरावतो आणि पडद्यावरचा पिवळेपणा जाणवेनासा होतो.

धुळवड

हे मान्य. माझा टीव्ही उबदार मोडवरच असतो, तरी मला २०१४ सुसह्य वाटते. असो.

सहा_गोळ्या

रंगावरून रक्त आटवताय आणि कटचा प्रश्न धागाकर्त्याने एका वाक्यात उडवून लावला. ‘पुरवणी आहे’ म्हणे!

छोट्या कटमध्ये एंजल आइज कैद्यांच्या छावणीत सार्जंट होऊन एकदम उगवतो. तो तिथे कसा पोचला, तर उत्तर नाही. लांब कटमध्ये तो आधी उद्ध्वस्त किल्ल्यातल्या जखमी सैनिकांत जातो, दारूची बाटली देऊन माहिती काढतो आणि पुरलेल्या सोन्याचा पत्ता ठाऊक असलेला बिल कार्सन कुठल्या छावणीत सापडू शकेल ते त्याला तिथे कळतं. कथेची साखळी तिथे जुळते. शिवाय जखमींकडे बघतानाचा त्याचा चेहरा! या माणसाला काहीतरी लागतं, हे दाखवणारा सिनेमातला तो जवळजवळ एकमेव क्षण. आणि युद्ध ही या सिनेमाची नुसती पार्श्वभूमी नाही, तो विषय आहे. तेच दृश्य काढून टाकलं तर पूल उडवण्याच्या भागाचं वजनही घटतं.

दोनछिद्री

किल्ल्याचं दृश्य उत्तम आहे, नाकारत नाही. पण ‘कसा पोचला’ हे न सांगणं ही उणीव नसून खुबी आहे. छावणीत हजेरी चालू आहे, बिल कार्सनच्या नावाने वावरणारा टुको रांगेत, आणि समोर एंजल आइज. धक्का तिथे बसतो. आधी पत्ता सांगून ठेवलात तर धक्क्याची बातमी होते.

आणि लांब कट म्हणजे ‘दिग्दर्शकाचा कट’ असं समजू नका. गुहेत टुको तीन साथीदार गोळा करतो ते दृश्य लिओनेने रोमच्या पहिल्या खेळानंतर स्वतःच कापलं होतं. २००३ मध्ये तेही परत घातलं गेलं. म्हणजे १७९ मिनिटांची ही इंग्रजी आवृत्ती लिओनेने कधी पाहिलीही नाही. तो १९८९ मध्ये गेला.

निवांत_बुधवार

आणि आवाज? जोडलेल्या दृश्यांसाठी ईस्टवूड आणि इलाय वॉलॅक यांनी स्वतः संवाद नव्याने बोलले, चित्रीकरणानंतर पस्तीसहून जास्त वर्षांनी. ईस्टवूड सत्तरी ओलांडलेला, वॉलॅक पंच्याऐंशीच्याही पुढे. व्हॅन क्लीफ १९८९ मध्येच गेला होता, त्याच्यासाठी सायमन प्रेस्कॉट बोलला. दृश्य बदललं की टुकोचा आवाज एका क्षणात म्हातारा होतो. डोळे मिटून ऐकलं तरी कुठे जोड दिलाय ते सांगता येतं.

सहा_गोळ्या

मग इटालियन ट्रॅक लावा, सबटायटल चालू करा, जोड ऐकूच येणार नाही. तसाही हा सिनेमा सेटवरच्या आवाजावर बेतलेला नाही. अमेरिकन नट इंग्रजीत बोलत होते, बाकीचे इटालियन नाहीतर स्पॅनिशमध्ये, आणि सगळं नंतर डब झालं. ओठ आणि शब्द जुळत नाहीत म्हणून डिस्क सदोष ठरवणारे प्रतिसाद मी वाचले आहेत. ओठ कुठल्याच डिस्कवर जुळणार नाहीत!

काडतूस

आवाजाचा विषय निघालाच आहे तर खरी ठिणगी तिथे आहे. रंगावर एवढा ऊहापोह, आणि ५.१ (सहा चॅनलांच्या) ट्रॅकबद्दल कोणी बोलत नाही.

२००४ च्या डीव्हीडीसाठी जो ५.१ बनवला, त्यात जुना मोनो (एकाच चॅनलचा आवाज) नुसता पसरवलेला नाही. बंदुकीचे आणि तोफांचे आवाज जागोजागी बदलले आहेत. या जातीच्या सिनेमात गोळीचा आवाज म्हणजे जवळजवळ वाद्यच. कोरडा, फुगवलेला, शेवटी शीळ घातल्यासारखा. त्याच्या जागी आधुनिक, बेसवाला धमाका घातला की संगीतकार मोरिकोनेच्या संगीताशी तो भांडायला लागतो. त्या डीव्हीडीवर इटालियन मोनो होता, इंग्रजी मोनो नव्हता. २००९ च्या ब्लू-रेचंही तेच.

आता सावध राहण्याची गोष्ट: वेष्टनावर ‘मोनो’ छापलं म्हणजे तो मूळ मोनो असेलच असं नाही. ५.१ एकत्र ओतूनही मोनो बनवता येतो. तपासायची रीत अशी. दोन्ही ट्रॅक वेव्ह फाइल म्हणून काढा. ५.१ मध्ये मधल्या चॅनलला पूर्ण पातळी आणि डाव्या-उजव्याला सुमारे ३ डेसिबल कमी देऊन त्याचा मोनो करा. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही एकाखाली एक ठेवा, एखाद्या गोळीच्या टोकावर नमुन्याच्या पातळीपर्यंत जुळवा, एकाची फेज उलटी करून एकत्र वाजवा. जवळजवळ शांतता झाली तर तुमचा ‘मोनो’ म्हणजे ५.१ चंच पीठ. गोळ्या, तोफा स्वच्छ ऐकू येत राहिल्या तर स्रोत वेगळे आहेत. जुळवणी थोडी जरी सरकली तरी काहीच कटत नाही आणि निष्कर्ष उलटा निघतो. म्हणून तीन वेगवेगळ्या जागी करून बघा.

एवढा खटाटोप नको असेल तर पुलावरच्या तोफांचा भाग दोन्ही ट्रॅकवर पाठोपाठ ऐका. कान पुरतो.

धुळवड

यावर सपशेल शरणागती. ५.१ मी कधीच लावत नाही.

पण मग युरोपातल्या जुन्या पाल (तिकडच्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडी काय वाईट? तिथे मोनो मिळतो.

काडतूस

पाल डीव्हीडी सेकंदाला २५ चौकटींनी चालते, सिनेमा २४ च्या वेगाने चित्रित झाला. १६१ मिनिटं साधारण १५४॥ मिनिटांत संपतात आणि १७९ मिनिटं १७२ मध्ये. त्यामुळे ‘या डीव्हीडीत सहा मिनिटं कापली आहेत’ ही ओरड बहुतेक वेळा खोटी असते. पण पट्टी चढते, अर्ध्या स्वराहून थोडी कमी. मोरिकोनेची शीळ ज्याच्या कानात बसली आहे त्याला ते पाच सेकंदात खटकेल. काही डिस्कवर पट्टी दुरुस्त केलेली असते, वेग मात्र तसाच राहतो.

निवांत_बुधवार

४के डिस्कबद्दल कोणीच बोललं नाही. २०२१ ची घ्यावी का?

दोनछिद्री

माझ्या मते ५५ इंची टीव्हीवर दहा फुटांवरून बघणाऱ्याने नाही.

हा सिनेमा टेक्निस्कोपवर आहे. नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या चौकटीला फिल्मच्या कडेची चार छिद्रं लागतात, टेक्निस्कोपला दोन. फिल्म निम्मी लागते: हजार फुटांचं रीळ ११ मिनिटांऐवजी २२ मिनिटं चालतं. इटालियन निर्मात्यांना ते परवडायचं. लेन्स साध्या, गोलीय. म्हणूनच डोळ्यांच्या इतक्या जवळच्या चौकटी सहज जमल्या. पण निगेटिव्हवरची चौकट जेमतेम साडेनऊ मिलिमीटर उंच, त्यामुळे मोठ्या पडद्यावर ग्रेनही तितकाच मोठा होतो. ब्लू-रेवर काळ्या पट्ट्या सोडून ८१७ ओळी चित्राला मिळतात, ४के डिस्कवर १६३४. त्या जादा ओळींत नवा तपशील थोडा आणि ग्रेन नेमका, असा हिशेब आहे. ब्लू-रेवर अशा ग्रेनचे एन्कोडिंगमध्ये चौकोनी ठिपके होतात, विशेषतः आभाळात. ४के डिस्कवर तो दाण्यासारखा दिसतो. प्रोजेक्टर असेल, शंभर इंचाच्या वरचा पडदा असेल, तर फरक पडतो.

धुळवड

ग्रेन नेमका दिसणं हाच तर तपशील! निगेटिव्हवर जे आहे ते घरी येतं, अजून काय हवं? दहा फुटांचं गणित मान्य, पण डिस्क काय आजच्या टीव्हीसाठीच घ्यायची असते का?

सहा_गोळ्या

आणि लांब कट हवा असेल तर त्या ४के डिस्कचा उपयोग शून्य, हे वर आलंच आहे.

काडतूस

भारतात मागवणाऱ्यांनी एक बघावं. ब्लू-रेला विभाग असतात: अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. किनोच्या ब्लू-रे डिस्क ए विभागाला बांधलेल्या असतात, म्हणजे २०१७ चा संच इथल्या साध्या सी विभागाच्या प्लेअरवर चालणार नाही. ४के डिस्कला विभागच नसतो, ती कुठल्याही ४के प्लेअरवर लागते. तेव्हा पुण्यात बसून धागाकर्त्याचा सल्ला पाळायचा तर आधी सर्व विभागांचा प्लेअर लागेल. नसेल तर २०२१ ची ४के डिस्क हाच व्यवहार्य मार्ग, मग ग्रेनचं काहीही मत असो. न्यू जर्सीवाल्यांनी खुशाल २०१७ चा घ्यावा.

दोनछिद्री

हा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, दुरुस्ती मान्य. भारतासाठी ४के डिस्क, मोनो ट्रॅक, टीव्ही काडतूस यांनी सांगितल्याप्रमाणे लावलेला. प्लेअर मागवण्याआधी विक्रेत्याला नेमकं विचारा की ‘सर्व विभाग’ म्हणजे ब्लू-रेसुद्धा, की फक्त डीव्हीडी. बऱ्याच प्लेअरना फक्त डीव्हीडीचंच कुलूप काढलेलं असतं.

सहा_गोळ्या

आणि किल्ल्याचं दृश्य?

दोनछिद्री

ते २००९ च्या डिस्कवर बघा. मेणकट का होईना, बाही निळी आहे.