जुन्या कॅसेटवाल्या टीव्ही गेमला चुकीचा अ‍ॅडॉप्टर लावला, जळका वास आला. घरच्या घरी दुरुस्त होईल का?

सुईदोरा:
नमस्कार मंडळी. मी मिरजेत ब्लाउज-ड्रेस शिवते. इलेक्ट्रॉनिक्समधलं मला शिलाई मशीनच्या मोटरपुरतंच कळतं, हे आधीच सांगून ठेवते.

माळा आवरताना आमचा जुना टीव्ही गेम सापडला. बाबांनी १९९७ साली मुंबईच्या मनीष मार्केटमधून आणलेला. कॅसेट वरून खोचायची, दोन रिमोट (आम्ही रिमोटच म्हणायचो), एक बंदूक आणि '९९९९९९ इन १' लिहिलेली पिवळी कॅसेट. त्यात खरे गेम मोजून सात, बाकी तेच तेच फिरून यायचे. दादा दिवाळीला मस्कतहून आठ दिवस येतोय. त्याच्यासमोर हा चालू करून ठेवायचा असं डोक्यात घेतलं.

गेमचा अ‍ॅडॉप्टर काही सापडला नाही. वायफायच्या डब्याचा जुना होता, पिन बसली, लावला. लाल दिवा लागलाच नाही. पाच-सात सेकंदांत जळका वास आला, मी बटण बंद केलं. नंतर बघते तर गेमच्या बुडाला 'डीसी ९ व्होल्ट' कोरलेलं आणि अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्टचा!

इथल्या दुकानात नेला तर त्या माणसाने उघडूनही न बघता "हे आता होत नाही, टाकून द्या" म्हणून परत दिला. आई भंगारवाल्याची वाट बघतेय. मी चार स्क्रू काढून बघितलं. पिनेजवळचं एक नळकांडं वरून फुगलंय, बाकी काही काळं दिसत नाही. हात माझा स्थिर आहे, काजं-बटणं दिवसाला पन्नास होतात. कुणी नीट सांगितलं तर करीन.

नुसता_वाचक:
ताई, टीव्हीच्या मागे खोचायची गेमची स्टिक मिळते, हजारो गेम असतात. कशाला हा खटाटोप?

सुईदोरा:
स्टिकवर दादाने दाताने चावलेला रिमोट मिळतो का?

रेडिओवाले_काका:
ताई, तीस वर्षं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं, त्यामुळे असे शंभरेक डबे हाताखालून गेलेत. निन्टेंडोचं फॅमिकॉम १९८३ साली जपानात आलं, तुमचा डबा ही त्याची नक्कल. अशा यंत्रांचा जीव एका तीन पायांच्या भागावर असतो. काळा, पाठीला पत्रा लावलेला, वर ७८०५ छापलेलं. बाहेरून नऊ व्होल्ट येवोत की बारा, तो आत पाचच सोडतो. उरलेल्याची उष्णता होते, म्हणून तो पत्रा. त्यामुळे नुसत्या बारा व्होल्टांनी डबा पाच सेकंदांत गेला नसता, फार तर तापला असता. माझा संशय पिनेवर आहे. तुमच्या वायफायच्या अ‍ॅडॉप्टरवर एक छोटं चित्र असेल, मधे टिंब आणि भोवती अर्धवट गोल. टिंबाकडे अधिक आहे की उणे, ते बघा. या डब्यांपैकी बऱ्याचशांना मधे उणे लागतं. अधिक दिलं की करंट उलटा जातो, कंडेन्सर (म्हणजे तुमचं ते फुगलेलं नळकांडं) फुगतो आणि ७८०५ बसतो. पुढचा बोर्ड बऱ्याचदा वाचतो, कारण मार या दोघांनी खाल्लेला असतो.

साधा मल्टिमीटर आणा आणि तो 'बीप'वर ठेवा. डब्याला वीज जोडायची नाही. ७८०५ ची छापील बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय इनपुटचा, मधला उण्याचा, उजवा पाच व्होल्टचा. मीटरची एक काडी मधल्या पायावर ठेवा आणि दुसरी अ‍ॅडॉप्टरच्या भोकातल्या मधल्या पिनेला लावा. वाजलं तर मधे उणे. मग मधला आणि उजवा पाय तपासा. तिथे सलग वाजत राहिलं तर बोर्डावर शॉर्ट आहे, मग मी काही आशा दाखवणार नाही. यात मेंदूची चिप दिसतच नाही, बोर्डावर डांबरासारखा काळा थेंब असतो, त्याच्या खाली ती असते. थेंब गेला की डबा गेला.

आणि एक. हा डबा नऊ व्होल्टचा, त्याला बिनधास्त हात लावा. पण खेळायला जुना डबडा टीव्ही काढलात तर त्याचं मागचं झाकण कुणी उघडायचं नाही. पिक्चर ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढला तरी काही काळ राहतात.

सुईदोरा:
काका, मधल्या पिनेला वाजलं! आणि वायफायच्या अ‍ॅडॉप्टरवर टिंबाकडे अधिक. म्हणजे मीच उलटा घास भरवला. मधला-उजवा पाय मात्र वाजला नाही, दोनदा बघितलं. फुगलेल्या नळकांड्यावर '१००० मायक्रोफॅरड १६ व्होल्ट' आहे.

रेडिओवाले_काका:
मग जिंकलात अर्धं. नवा ७८०५ आणि १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, तो २५ व्होल्टचा घेतलात तरी चालतो. मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवायचा, व्होल्टचा वर गेला तर बिघडत नाही. दोन्ही मिळून एका चहा-भजीच्या पैशात येतील. कंडेन्सरच्या अंगावर उभा पट्टा असतो ती उण्याची बाजू, काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पायाभोवतीचा जुना सोल्डरचा (वितळवून लावलेल्या जोडधातूचा) डाग सुटत नसेल तर त्यावर थोडं नवं सोल्डर सोडा, मग दोन्ही एकदम वितळतं. ओढाताण केलीत तर बोर्डावरची तांब्याची टिकली उपटून येईल.

सहा_तारा:
उण्याच्या पिनेचा ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर शोधत फिरू नका. गिटारच्या इफेक्ट पेडलला नेमका तसाच लागतो, मधे उणे. वाद्यांच्या दुकानात मिळेल. फक्त ५०० मिलिअ‍ॅम्प किंवा जास्तीचा मागा. आणि मिरजेत वाद्यांची दुकानं शोधायला मी काय सांगू!

सुईदोरा:
सतारवाल्यांच्या गल्लीत खरंच मिळाला. त्यांना वाटलं मुलगी गिटार शिकतेय.

आता हकीकत. कंडेन्सर सहज निघाला. ७८०५ च्या मधल्या पायाने अर्धा तास घेतला, काकांची नवं सोल्डर सोडायची युक्ती लावली तेव्हा सुटला. पायाची टिकली कडेने किंचित उचलली गेली, पण तुटली नाही. पाय भोकात घातले, डाग दिले, जादाचे पाय नखं कापतात तसे कापले. टाका म्हणाल तर ओबडधोबड आला, गिऱ्हाईकाने परत केला असता. मीटर लावला, ५.०२! लाल दिवा लागला, मी ओरडले, आईला वाटलं शॉक बसला.

पण टीव्हीवर नुसता राखाडी पडदा. टीव्हीला पिवळी-पांढरी भोकं नाहीत, एकच बारीक भोक, त्याची वायर वेगळी आणली. कॅसेटमध्ये खूप फुंकर मारली, लहानपणी मारायचो तशी. काही नाही.

रेडिओवाले_काका:
फुंकर बंद! तोंडातल्या ओलाव्याने पत्ती काळी पडते. तेव्हा चालायचं ते फुंकरीने नव्हे, काढून परत खोचल्यामुळे पत्ती घासली जायची म्हणून. राखाडी पडदा म्हणजे वीज आहे, चित्राची वायरही बरोबर आहे, पण कॅसेट वाचली जात नाही. शाळेचं साधं पांढरं खोडरबर घ्या आणि कॅसेटच्या साठही पत्त्यांवर दोन्ही बाजूंनी उभं फिरवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खोबणीसाठी जुन्या एटीएम कार्डाला सुती कापड गुंडाळून, किंचित ओलं करून आत-बाहेर. वाळू द्या, मगच वीज.

सुईदोरा:
आलं!!! खोडरबर काळंकुट्ट झालं. त्या कर्कश सुरावर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "परत सुरू झालं का हे?"

रिमोटचं 'ए' बटण दाबलं जात नव्हतं. उघडलं तर आतल्या रबराची काळी टिकली झिजलेली. शेजारच्या टर्बोच्या 'ए'चं (धरून ठेवलं की आपोआप भराभर दाबलं जातं ते बटण) रबर तंतोतंत तसंच होतं, अदलाबदल केली. टर्बो आम्ही चीटिंग मानायचो, त्यामुळे ते कोरं करकरीत. दाताच्या खुणा तशाच ठेवल्यात.

एकच राहिलं. बंदूक. बदकांवर किती गोळ्या झाडल्या, एकही पडत नाही. तिचंही काही बदलायचं का?

सहा_तारा:
बंदूक ठीक असेल. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, तो उजेड बंदुकीतला सेन्सर बघतो. हे सगळं ट्यूबच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेलं आहे. सपाट टीव्हीवर चित्र जरा उशिरा येतं, तोवर बंदुकीने 'नेम चुकला' म्हणून ठरवलेलं असतं. डबडा टीव्हीच लागेल.

सुईदोरा:
शेजारच्या काकूंकडे २१ इंची आहे, त्यावर त्या लोणच्याच्या बरण्या ठेवतात. बरण्यांसकट मागून बघते. मागचं झाकण उघडणार नाही, काका.