अभिनयासाठी नागपूर सोडण्यापूर्वी काय ठाऊक असावे?

प्रश्न (धरमपेठहून)

नमस्कार. गेली चार वर्षे मी राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर नाटके करीत आहे. सध्या खासगी नोकरीत आहे आणि दिवाळीनंतर राजीनामा देऊन मुंबईला जाण्याचा विचार आहे. नकार पचवावे लागतात, हे सगळेच सांगतात आणि तेवढी तयारी मी केली आहे. मात्र जे तिथे गेल्यावरच कळते, ते अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ (सहा वर्षे अंधेरीत राहून परतलेला)

नकार क्वचितच मिळतो. बहुतेक वेळा काहीच कळत नाही. 'या तारखा राखून ठेवा' असा फोन येतो, आपण त्या राखतो, म्हणजे दुसरे काम नाकारतो, बहिणीच्या साखरपुड्यालाही जात नाही, आणि तारीख उलटल्यावर समजते की भूमिका दुसऱ्याला गेली. राखलेल्या दिवसांचे पैसे कोणी देत नाही. एका मालिकेत मला हवालदाराचे चार दिवसांचे काम मिळाले आणि 'पुढे पुन्हा लागाल, मिशी काढू नका' असे सांगण्यात आले. अडीच महिने मी ती मिशी सांभाळली. त्या काळात गुळगुळीत चेहरा हवा असलेल्या दोन जाहिरातींच्या ऑडिशन सोडाव्या लागल्या, आणि तो हवालदार कथेत परत आलाच नाही.

मालिकेचे मानधन साधारणपणे ९० दिवसांनी हाती येते, त्यामुळे पहिले काम मिळाल्यानंतरही तीन महिन्यांचे भाडे आपल्याच खिशातून जाते. घराचे डिपॉझिट वेगळे. ऑडिशनसाठी कोणी नोंदणीचे पैसे मागितले तर तिथून निघून यावे.

भाषेचेही सांगतो. 'काय करून राहिला' एवढे सहज तोंडून गेले की अनेकदा विनोदी नोकराच्याच भूमिका पुढे येतात. आपली बोली मुळीच सोडू नका, पण प्रमाण मराठी आणि हिंदी यांचा रियाज इथूनच करून जा.

उत्तर २ (झाडीपट्टीतील कलावंत, वडसा)

मुंबई हा एकच रस्ता नाही, म्हणून लिहीत आहे. आमच्या झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भातील, नाटकांचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत चालतो, आणि इथले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाल्यापासून बाहेरचे लोकही या रंगभूमीबद्दल विचारू लागले आहेत. इथे प्रेक्षक भरपूर आहे आणि काम रोज आहे, परंतु प्रयोग रात्रभर चालतो, सकाळी गाडीतच झोप घ्यावी लागते आणि संध्याकाळी दुसरे गाव गाठावे लागते. जानेवारीच्या थंडीत मंडपात पहाटेचा अंक करताना आवाज बसतो, तरी दुसऱ्या दिवशीचा प्रयोग रद्द होत नाही. होळीनंतर मात्र शेती किंवा दुसरे काम हाताशी असावेच लागते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तारखा राखण्यास थेट नकार दिला, तर पुढची कामे बंद होतात का?

उत्तर १

थेट नकार देऊ नका. कोणत्या दिवसापर्यंत वाट पाहायची, हे तारखा राखायला सांगणाऱ्या समन्वयकाला त्याच दिवशी लेखी संदेश पाठवून विचारा; मुदतीत उत्तर आले नाही, तर आपण तारीख मोकळी केल्याचेही कळवा. मला हे चौथ्या वर्षी उमगले. आणि राजीनाम्यापूर्वी महिनाभराची बिनपगारी रजा घेऊन एकदा तिथे राहून पाहा.