गाझी बुडवणारी राजपूत कोणती? देखाव्यातल्या जहाजावरून वाद

सिडकोकर

काल पंचवटीत गणपती बघत हिंडत होतो. एका मंडळानं १९७१ च्या युद्धाचा देखावा केलाय. पुठ्ठ्याचं दहा-बारा फुटी जहाज, खाली निळ्या साड्यांचा समुद्र, दर पाच मिनिटांनी धूर आणि ‘गाझी’ या पाकिस्तानी पाणबुडीला जलसमाधी. पोरांनी जीव ओतलाय, म्हणून मंडळाचं नाव घेत नाही. पण फलकावर लिहिलंय: ‘आयएनएस राजपूत, १९८० ते २०२१. हिनेच १९७१ मध्ये गाझी बुडवली.’

१९८० ला आलेल्या जहाजानं १९७१ ला पाणबुडी बुडवली! रांगेत एवढी माणसं, कुणाला काही खटकलं नाही.

राजपूत नावाच्या विनाशिका दोन होत्या. पहिली मुळात ब्रिटिशांची ‘रॉदरहॅम’, दुसऱ्या महायुद्धातली. १९४९ ला आपल्याकडे आली, १९७६ ला भंगारात गेली. गाझीच्या रात्री विशाखापट्टणमला होती ती हीच. दुसरी सोव्हिएत बनावटीची, ४ मे १९८० ला जॉर्जियातल्या पोटी बंदरात नौदलात दाखल झाली आणि २१ मे २०२१ ला निवृत्त. माझं म्हणणं एवढंच, की नाव तेच ठेवलं म्हणून एकीचा पराक्रम दुसरीच्या खात्यावर टाकू नका. नातवाला आजोबांचं नाव ठेवलं म्हणून आजोबांची पेन्शन नातवाला मिळत नाही.

देवळाली कॅम्प

पेन्शन नसेल मिळत, सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव तर चढतं ना?

मी तोफखान्यातला. आमच्याकडे रेजिमेंटला लढाईचं ऑनर टायटल मिळतं. ज्या तोफांनी ती लढाई केली त्या कधीच भंगारात गेलेल्या असतात, पण काल भरती झालेलं पोरगंसुद्धा ते टायटल आपलं म्हणून सांगतं. नौदल जुनी नावं पुन्हा देतं ते उगाच नाही. विमानवाहू विक्रांत दोन झाल्या, पाणबुडी कलवरी दोन झाल्या. नव्या विक्रांतवर चढणाऱ्याला जुनीचा अभिमान वाटू नये, असं म्हणायचंय का तुम्हाला?

सिडकोकर

अभिमान वाटू दे की. मी साल विचारतोय.

आणि रेजिमेंटचं उदाहरण इथे बसत नाही. रेजिमेंट अखंड चालते, माणसं बदलतात. जहाज तोडलं की संपलं. १९७६ ते १९८० या काळात नौदलात राजपूत नावाची विनाशिका तरंगतच नव्हती.

गोदाकाठची

तुम्ही दोघं वारसा हक्कावर भांडताय, पण मुळात इस्टेट आहे का ते बघा. गाझी राजपूतनं बुडवली हे आपलं म्हणणं. पाकिस्तान म्हणतं, आतल्या स्फोटानं किंवा स्वतःच पेरलेल्या सुरुंगानं ती फुटली. नव्वदहून जास्त माणसं होती आत, सांगायला एकही वाचला नाही. फलकावर ‘हिनेच’ लिहिताना जरा दमानं घ्यायला हवं.

जुना खलाशी, सातपूर

ताई, शंका घ्या, पण आधी त्या रात्रीचं ऐका.

विक्रांतचा बॉयलर तडकलेला, वेग कमी. तिला गुपचूप अंदमानात हलवलं. गाझी तिच्या मागावर. व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी निवृत्तीच्या उंबरठ्यावरची राजपूत विशाखापट्टणमला पुढे केली आणि तिच्या वायरलेसवरून विक्रांतच्या थाटात संदेश सोडायला लावले. म्हातारीला नवरीचा शालू नेसवून मांडवात बसवली म्हणा ना. ३ डिसेंबरच्या मध्यरात्री ती बंदराबाहेर पडली. कप्तान लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग. समोर पाणी ढवळल्यासारखं दिसलं, दोन डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकले. सव्वाबाराच्या सुमारास असा हादरा बसला की किनाऱ्यावरच्या घरांच्या काचा थरथरल्या. राजपूतनं शोध घेतला, काही सापडलं नाही, तशी पुढच्या कामगिरीवर निघून गेली. काय झालंय हे तिच्यावरच्या लोकांनाही तेव्हा कळलेलं नव्हतं.

गाझी कशानं फुटली यावर खुशाल वाद घाला. पण तिला विशाखापट्टणमपर्यंत ओढून आणली ती या जुनाट जहाजानं, हे तरी कबूल करा.

आणि सिडकोकर, नवी राजपूत काय नुसती नावाची धनी होती का? श्रीलंकेजवळ गस्त घातली, १९८८ ला मालदीवच्या कारवाईत होती, ब्रह्मोस क्षेपणास्त्राच्या जहाजावरच्या सुरुवातीच्या चाचण्या तिच्यावरून झाल्या. ४१ वर्षं राबली ती. तिला उसन्या पराक्रमाची गरजच नाही.

सिडकोकर

खलाशीकाका, तुम्ही माझ्याच बाजूनं बोललात! गाझी तिच्या गळ्यात घातली की मालदीव आणि ब्रह्मोस कुणी विचारतच नाही. त्या फलकावर यातलं एक अक्षर नाही.

जुना खलाशी, सातपूर

बाजूबिजू काही नाही. तुमचा पेन्शनचा दाखला मला पटलेला नाही. नव्या राजपूतचे पहिले कप्तान हिरानंदानी. ७१ ला ते पश्चिम ताफ्याचे ऑपरेशन्स ऑफिसर होते आणि पुढे नौदलाचा इतिहास त्यांनीच लिहिला. जुन्या राजपूतनं काय केलं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. नावाबरोबर ते ओझंही जहाजावर चढतंच. देवळालीवाल्यांचं चूक नाही.

गोदाकाठची

ओझं म्हणा, वारसा म्हणा. ‘हिनेच’ मधला ‘च’ तेवढा काढा, माझी तक्रार नाही.

मंडळाचा कार्यकर्ता

नमस्कार. देखावा आमचाच आहे. फोटो नेटवरून घेतला, त्याच्याच खाली साल होतं, ते टाकलं. फलक उद्या बदलतो. जहाजावर डी ५१ रंगवलंय, त्याचं काय करू?

जुना खलाशी, सातपूर

जुनीचा नंबर डी १४१. पण नुसता नंबर खोडून भागणार नाही. तुमच्या जहाजावर क्षेपणास्त्रांच्या नळ्या आहेत का?

मंडळाचा कार्यकर्ता

चार आहेत. पीव्हीसीच्या. आणि धूर त्यांच्यातूनच सोडतो.

जुना खलाशी, सातपूर

मग त्या काढ. जुनीवर साध्या तोफा होत्या, चार. धूर मागून सोड, डेप्थ चार्ज मागच्या बाजूनं टाकतात. उद्या संध्याकाळी येतो मी, फेव्हिकॉल आणि कटर तयार ठेव.