क्रेम ब्रूले: हॉटेलात मागवल्यावर नेमकं काय बघायचं?

प्रश्न
क्रेम ब्रूले म्हणजे गार कस्टर्ड आणि त्यावर जाळलेल्या साखरेचं कडक कवच. वरची साखर टकटक वाजली की ते जमलं, असं बरेच जण धरून चालतात. पण खालचं कस्टर्ड? कधी ते खरवसासारखं घट्ट लागतं, कधी पातळ. आणि वरून कोमट, आत गार हे बरोबर की चूक?

उत्तर १
बरोबर. कस्टर्ड निदान चार तास फ्रीजमध्ये गार करून साखर अगदी वाढायच्या आधी जाळतात. आधीच जाळून फ्रीजमध्ये ठेवली तर ती ओलावा ओढून चिकट होते, कडेला पाकाचं तळं साचतं. असं तळं दिसलं की समजा, सकाळचा माल आहे.

कवच एक-दोन मिलिमीटर हवं. १२ सेंटिमीटरच्या बशीला दोन चमचे साखर पुरते. रंग तपकिरी, मधूनमधून गडद ठिपके चालतील. सगळंच काळं असेल तर कडूच लागणार. वर न विरघळलेले दाणे दिसले तर टॉर्च (साखर जाळायचा हातातला गॅस बर्नर) घाईत फिरवलाय.

उत्तर २
खरी परीक्षा खालीच. ५०० मिली क्रीम (३५ टक्के स्निग्धांश), ५-६ पिवळे बलक, ८०-१०० ग्रॅम साखर हे साधारण प्रमाण. पाण्याच्या ट्रेत ठेवून ओव्हनमध्ये १५० अंशांवर भाजतात आणि कस्टर्डचं आतलं तापमान ७७-८० अंश झालं की बाहेर. कडा धरलेली, मध्य थरथरणारा. ८५ च्या पुढे गेलं की बलक आकसतो, कस्टर्ड रवाळ होतं, पाणी सुटतं आणि अंड्याचा वास येतो. तुम्हाला खरवस आठवला तो बहुधा यामुळे, नाहीतर आत अंड्याचा पांढरा भागही गेला असेल.

चमचा घातल्यावर जाळीसारखी भोकं दिसली तर ओव्हन जास्त गरम होता. वरच्या बाजूलाच बुडबुडे असतील तर मिश्रण फेटून फेस केलाय. ते हलवायचं असतं, फेटायचं नसतं. पातळ राहिलं तर लवकर काढलं. व्हॅनिलाचे काळे कण तळाशी बसलेले दिसले तर शेंग खरी वापरली आहे, पण नुसत्या कणांवर भाळू नका, चवही बघा.

भांडं उथळ हवं, कस्टर्ड दोन-तीन सेंटिमीटर. उंच वाटीत दिलं की चार चमच्यांत साखर संपते आणि उरतं नुसतं कस्टर्ड.

उत्तर ३
कॉर्नफ्लोअर घातलेलं लगेच कळतं: जिभेवर पिठूळ थर राहतो. मात्र पीठ दिसलं की ‘नकली’ म्हणू नका. फ्रेंच आचारी फ्रान्स्वा मासियालोच्या १६९१ च्या कृतीत दूध, बलक आणि चिमूटभर पीठच आहे. साखर जाळायला चुलीतलं लाल तापवलेलं फावडं! कातालान क्रेमातही (स्पेनमधला असाच प्रकार) स्टार्च असतो, ते ओव्हनमध्ये जात नाही.

आपल्याकडे ‘एगलेस’ लिहिलेलं असेल तर आत चायना ग्रास, जिलेटिन किंवा कॉर्नफ्लोअर असतं. चायना ग्रासचं कस्टर्ड चमच्याने कापल्यावर धारदार तुटतं, वाहत नाही. वाईट असेलच असं नाही, पण त्याला वरचे निकष लावू नका.

प्रश्नकर्ता
आणि रॉकेलसारखा वास आला तर?

उत्तर १
टॉर्चची ज्योत पिवळी होती, गॅस पुरता जळला नाही. परत पाठवा.