वीज परत आली की टाकीवरचे एलईडी फुल पेटतात – डिमिंग कंट्रोलरमध्ये काय चुकतंय?

केळीवाला_रावेर

राम राम मंडळी. केळीचा शेतकरी आहे, इलेक्ट्रॉनिक्सवाला नाही, शब्द चुकला तर सांभाळून घ्या. पंपाचा स्टार्टर, ऑटो स्विच, प्रिव्हेंटर इथपर्यंत माझ्या हातचं. त्यापुढचं सगळं मुलीकडून उसनं घेतलेलं.

ओसरीत ४ बाय दीड बाय दीड फुटाची माशांची टाकी आहे, पाणी साधारण अडीचशे लिटर. सहा एंजल, तळाला कोरी, मागे व्हॅलिसनेरिया आणि दोन अॅमेझॉन सोर्ड. वर आधी ट्यूब होती. दिवाळीत मुलगी पुण्याहून आली आणि म्हणाली, पप्पा, शेतातलं ठिबक मोबाईलवर चालू-बंद करता आणि माशांना अजून बटण दाबून सकाळ करता? झालं. चार दिवस ओसरीत सोल्डरचा वास.

तिने जे बसवलं ते असं. ४८ व्होल्ट २ अँपचा एसएमपीएस, म्हणजे घरातल्या २३० चे ४८ करणारा डबा. त्यावर मीनवेल कंपनीचे दोन एलडीडी-७००एच ड्रायव्हर, ते एलईडीला ठरावीक करंट देतात. पहिल्यावर ३ वॅटचे १२ पांढरे एलईडी सिरीजमध्ये, दुसऱ्यावर ८, त्यात वॉर्म आणि लाल मिसळून. एलईडी अॅल्युमिनियमच्या पट्टीवर, पट्टी गावातल्या खिडक्यांच्या सेक्शनवाल्याकडून कापून आणली. डोकं म्हणजे ईएसपी-३२, वायफायवाली छोटी कंट्रोलर पट्टी. त्याच्या २५ आणि २६ नंबरच्या पिना दोन ड्रायव्हरच्या डिम वायरला (उजेड कमी-जास्त करायची वायर), ग्राउंड एकत्र. ईएसपीला वेगळा मोबाईल चार्जर दिलाय, कारण आधी ४८ वरूनच एलएम२५९६ च्या छोट्या पट्टीने ५ व्होल्ट काढायला गेलो आणि तिने जागेवर धूर सोडला. नंतर कळलं की ती ४० व्होल्टपर्यंतचीच असते.

एरवी काम झकास आहे. सकाळी अर्ध्या तासात हळूहळू उजाडतं, संध्याकाळी तसंच मावळतं. शेजारची पोरं मावळायच्या वेळी बघायला येऊन बसतात.

घोटाळा वीज गेली की होतो. (आपल्याकडे वीज गेली तरी ‘लाईट गेली’ आणि बल्ब गेला तरी ‘लाईट गेली’, म्हणून इथे मुद्दाम वीज लिहितोय.) सध्या वादळाचे दिवस, दिवसातून तीन-चार वेळा जाते. परत आली की टाकीवरचे सगळे एलईडी एकदम फुल्ल. रात्रीचे २ असोत की ३.

परवा आमच्या फीडरची, म्हणजे शेतीच्या विजेची, रात्रपाळी होती. केळीच्या कांदेबागेला पाणी धरून अडीचच्या सुमाराला घरी आलो, तेवढ्यात वीज आली आणि ओसरीत लग्नाचा मांडव पेटावा तसा उजेड. एंजलच्या जोडीने आदल्याच दिवशी सोर्डच्या पानावर अंडी घातली होती. नर-मादी आळीपाळीने पंख हलवून राखत होते. उजेड पडला तशी दोघं काचेवर धडकली, सैरावैरा झाली. सकाळी पान साफ. एक अंडं नाही. खाऊन टाकली.

गावातला वायरमन म्हणतो, हे डबडं काढा, पंख्याचा रेग्युलेटर लावून देतो. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे सांगता येत नाही. काय करावं?

धुळ्याचा_मासेवाला

भो, पंखाना रेग्युलेटरना नाद सोडी दे. मी करी बसनू. एसएमपीएस पहिले गुणगुणना, मंग उडना.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. रेग्युलेटर २३० व्होल्टच्या लाटेचा तुकडा कापतो. पंख्याला ते चालतं. एसएमपीएसचं काम नेमकं उलटं, आत काहीही आलं तरी बाहेर ४८ च द्यायचे. तुम्ही आत कमी करणार, तो भरून काढायला करंट जास्त ओढणार. उजेड कमी होत नाही, फडफड होते आणि शेवटी आतला कॅपॅसिटर जातो. एलईडी डिम करायचे तर ड्रायव्हरच्या डिम वायरवरूनच. वायरमनला चहा पाजा आणि वाटे लावा.

बाकी तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला येत नाही.

लोको_भुसावळ

एक सांगा. फुल पेटल्यावर किती वेळ तशी राहते? सेकंदभर की मिनिटं? आणि ईएसपीला वेळ कुठून कळते, वायफायवरून का?

केळीवाला_रावेर

दोन-अडीच मिनिटं राहते, मग आपोआप बंद होते. हो, वायफायवरूनच. राउटर मागच्या खोलीत, त्याला इन्व्हर्टर नाही.

लोको_भुसावळ

मग सापडलं. तुम्हाला वाटतंय एक दोष आहे. दोन आहेत, एकमेकांच्या खांद्यावर बसलेले.

पहिला ड्रायव्हरच्या स्वभावाचा. एलडीडी-एचची डिम वायर मोकळी सोडली तर तो ‘पूर्ण चालू’ असं समजतो. डेटाशीटमध्ये स्पष्ट आहे: अडीच व्होल्टच्या वर किंवा मोकळी म्हणजे चालू, ०.८ व्होल्टच्या खाली म्हणजे बंद. कंपनीच्या बाजूने ते बरोबरच आहे, ज्याला डिमिंग नको त्याने वायर सोडून द्यावी आणि दिवा लागावा. पण ईएसपी जागा होत असताना त्याच्या पिना हवेत असतात, ना वर ना खाली. ड्रायव्हरला ते मोकळ्या वायरसारखंच दिसतं.

आता नुसतं एवढंच असतं तर उजेड सेकंदभर चमकून गेला असता. अडीच मिनिटं का? मी पैज लावतो, कोडमध्ये मुलीने आधी वायफाय जोडायला लावलंय, ‘जोडलं जाईपर्यंत थांब’ असा फेरा टाकलाय आणि पिना त्यानंतर सुरू केल्यात. वीज आली की राउटरला उठायला दोन मिनिटं. तोवर ईएसपी दाराशी ताटकळत उभा, पिना हवेत, टाकीत दुपार. नवीन पोरं सगळी असंच लिहितात, कारण टेबलावर राउटर कायम चालू असतो आणि हा दोष तिथे दिसतच नाही. तिला रागावू नका.

करायचं ते असं. प्रत्येक डिम वायर आणि ग्राउंड यांच्यामध्ये एक रेझिस्टर घाला, ड्रायव्हरच्या जवळ. १० के (१० हजार ओहम) पासून सुरुवात करा. ईएसपीची वायर काढून, ४८ चालू ठेवून डिम आणि ग्राउंडमध्ये मीटर लावा. आकडा ०.८ च्या चांगला खाली पाहिजे. नसेल तर ४.७ के, मग १ के. त्याखाली जायची गरज पडू नये. १ के लावला तरी पिनेवर ३.३ मिलीअँपच येतात, तिला ते जड नाही. हे केलं की ईएसपी झोपलेला असो, मेलेला असो, वायर उंदराने कुरतडलेली असो, दिवा बंदच राहणार. आमच्याकडे लोकोत, म्हणजे रेल्वे इंजिनात, ब्रेकचंही असंच असतं. पाइपातली हवा गेली की ब्रेक लागतो, सुटत नाही. तुमच्या टाकीत आत्ता उलटं चाललंय.

कोडमध्ये: पहिल्या ओळीत दोन्ही पिना खाली, म्हणजे शून्य व्होल्टला. वायफाय सगळ्यात शेवटी, आणि त्याची वाट बघत थांबायचं नाही. वेळ कळेपर्यंत उजेड शून्य. पीडब्ल्यूएमची (दिवा झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी करायची पद्धत) फ्रिक्वेन्सी किती ठेवलीय तेही बघा, या ड्रायव्हरला १०० ते १००० हर्ट्झ लागते.

आणि एक, ड्रायव्हरच्या आउटपुटचा निगेटिव्ह कधीही ग्राउंडला जोडू नका. ग्राउंड एकत्र म्हणजे फक्त ४८ चा निगेटिव्ह आणि ईएसपीचा ग्राउंड. लोक ‘सगळे काळे एकत्र’ करतात आणि मग ड्रायव्हर खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतात.

केळीवाला_रावेर

साहेब, पैज जिंकलात. आत्ता व्हिडिओ कॉलवर मुलीला विचारलं. ती आधी गप्प, मग हसली. वायफाय पहिलं, पिना नंतर. फ्रिक्वेन्सी ५००० आहे म्हणाली. मावळताना शेवटी उजेड हळू न जाता एकदम पटकन विझायचा, मी म्हणायचो खानदेशातला सूर्य असाच.

तुमचं ब्रेकचं डोक्यात बसलं. माझ्या पंपाच्या ऑटो स्विचलाही वीज आल्यावर थोडा डिले असतो, नाहीतर शिवारातले सगळे पंप एकदम उठले की डीपीचा (ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज जातो. तसा डिलेचा रिले ४८ च्या लाइनवर टाकला तर?

लोको_भुसावळ

चालेल, पण तो कुबडीसारखा. वीज आल्यावरचे पाच मिनिटं निभावतील. मध्येच चार्जर गेला किंवा ईएसपी अडकला तर रिलेला काय कळणार? आधी रेझिस्टर. दोन रुपयांचं काम आहे.

जळगाव_प्लांटेड

वायरिंगचं लोको साहेबांनी सांगितलंच आहे. मी माशांच्या आणि घड्याळाच्या बाजूने बोलतो.

वेळेसाठी राउटरवर विसंबू नका, डीएस३२३१ चं घड्याळ लावा. वीज गेली तरी सेलवर चालतं आणि वर्षाला फार तर एखाद मिनिट इकडे-तिकडे. बाजारात निळी पट्टी मिळते, तिच्यात एक खोड आहे. ती सेलला चार्ज करायला बघते. आपण टाकतो तो सीआर२०३२, जो चार्ज करायचाच नसतो. पट्टीला ५ व्होल्ट दिले तर सेल फुगतो. ३.३ वर चालवा, आणि शिवाय सेलजवळचा छोटा डायोड किंवा त्याच्या शेजारचा २०० ओहमचा रेझिस्टर उपटून टाका. माझा एक सेल फुगून पट्टीसकट वाया गेलाय.

उजेडाची चढण सरळ ठेवू नका. डोळ्याला ५० टक्के पीडब्ल्यूएम जवळजवळ पूर्ण उजेडासारखंच दिसतं, त्यामुळे सरळ चढवलं तर पहिल्या पाच मिनिटांतच सगळी सकाळ होऊन जाते. टक्क्याचा वर्ग करा. म्हणजे अर्ध्या वाटेवर ५० नाही, २५ टक्के. मुलीला एवढं सांगितलं की ती समजेल. आणि वीज दिवसा परत आली तरी थेट ठरलेल्या उजेडावर उडी नको, शून्यापासून दहा मिनिटांत चढू द्या. माशाला पापणी नसते हो, आपल्यासारखे डोळे मिटून घेता येत नाहीत. रात्रीचा निळा चंद्रप्रकाश वगैरे लावायच्या भानगडीत पडू नका, अंधार लागतो त्यांना.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे. ओसरीत दुपारी पट्टीला हात लावून बघा, धरवत नसेल तर एलईडी लवकर पिवळे पडणार. मी मे-जूनमध्ये दिवसाचे दोन तुकडे करतो: सकाळी ८ ते १२ आणि संध्याकाळी ५ ते ९, दुपारी बंद. झाडांना आठ तास पुरतात, शेवाळही आटोक्यात राहतं. पाण्यावर छोटा १२ व्होल्टचा पंखा तिरका लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन डिग्री उतरतात, फक्त रोज पाणी भरावं लागतं. रावेरला बोअरचं असेल तर आरओचं भरा, नाहीतर क्षार साचत जातात.

केळीवाला_रावेर

आठ दिवसांनी लिहितोय, मध्ये वादळाने बांधावरची पन्नासेक झाडं आडवी केली, त्या धावपळीत होतो.

रेझिस्टर मुलीच्या डब्यात ४.७ के चे नव्हते, १ के चेच दोन लावले. वायर काढून मीटर लावला, आकडा ०.८ च्या बराच खाली. मग तिने पुण्यात बसून कोड पाठवला, मी लॅपटॉपवरून चढवला. हे वाक्य लिहिताना मला थोडी छाती फुगल्यासारखी वाटली, खोटं कशाला बोलू. पहिल्यांदा चुकीचं पोर्ट निवडलं आणि अर्धा तास तिच्याशी भांडलो, ते सोडा. फ्रिक्वेन्सी आता ५०० आहे, सूर्य शेवटपर्यंत हळू मावळतो.

घड्याळाची पट्टी जळगावहून मागवली. डायोड काढायला चिमटा बारीक नव्हता, घरातल्या भुवयांच्या चिमट्याने काढला. घरी सध्या त्या विषयावर बोलणं नाही.

तपासणी म्हणून रात्री ११ ला मेन स्विच स्वतः पाडला आणि उचलला. पाच वेळा. टाकी अंधारात. मग राउटरची वायर काढून परत तेच. अंधार. वायरमनला बोलावून दाखवलं, तो म्हणाला रेग्युलेटरनेही झालं असतं.

एकच शंका. पट्टी दुपारी चांगलीच तापते, हात पाच सेकंद टिकतो. मागे पंखा लावू की उजेडच ७० टक्क्यांवर बांधून टाकू?

लोको_भुसावळ

उजेड बांधा. पंख्यात धूळ जाते, वर्षात अडकतो आणि अडकल्याचं कोणी बघत नाही. पावसाळा लागला की ८५ करा. टाकीच्या लाइनला ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे ना? आणि वायरी टाकीवरून सरळ बोर्डात नेल्या असतील तर बोर्डाच्या खाली एक झोळ द्या, थेंब ओघळला तर तिथून जमिनीवर पडेल, प्लगमध्ये जाणार नाही.

केळीवाला_रावेर

झोळ दिला. आरसीसीबी शेतातल्या पॅनलला आहे, घराला नाही. उद्या बसवतो, वायरमन तेवढ्यासाठी तरी खूश होईल.

धुळ्याचा_मासेवाला

आनी अंडास्नं काय भो?

केळीवाला_रावेर

त्याच जोडीने काल परत घातली. यावेळी फिल्टरच्या पाइपावर. रात्री दोनदा वीज गेली, आली. सकाळी बघितलं, पाइपावर दाणे तसेच, नर पंख हलवतोय. चार-पाच पांढरी पडलीत, बाकी शाबूत. उद्या-परवा फुटायला हवीत. कोड कोणाला हवा असेल तर मुलगी रविवारी टाकते म्हणाली, आधी त्यातल्या मला उद्देशून लिहिलेल्या सूचना काढायच्या आहेत तिला.