आठवीचं बीजगणित: पालकांनी नेमकी काय अपेक्षा ठेवायची?

गुलमोहर (प्रश्न)

मुलगी जूनपासून आठवीत जाईल. राज्य मंडळ, मराठी माध्यम. पाढे पक्के आहेत, व्यवहारातले हिशोब पटकन करते, पण सातवीत बैजिक राशींचा (संख्यांसोबत अक्षरं असलेल्या राशींचा) धडा आल्यापासून गणितं चुकायला लागली आहेत. जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. आठवीत बीजगणित म्हणून काय काय येतं? मुलं सर्वसाधारणपणे कुठे अडतात आणि का? आणि घरी रोज किती वेळ नि कशा प्रकारे बसवावं? सूत्रं पाठ करून घ्यावीत की नकोत, यावर दोन टोकांची मतं ऐकली आहेत.

खडूफळा

आठवीला बीजगणिताचं वेगळं पुस्तक नसतं. बालभारतीच्या सध्याच्या गणिताच्या पुस्तकात भूमितीचे आणि बीजगणिताचे धडे आलटून पालटून येतात. बीजगणिताचे मुख्य धडे पाच: विस्तार सूत्रे, बैजिक राशींचे अवयव (म्हणजे राशी गुणाकाराच्या रूपात मांडणं), चलन (एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते ते), बहुपदींचा भागाकार आणि एकचल समीकरणे. 'घातांक व घनमूळ' हा धडाही याच्याच तयारीचा समजा. नववीपासून भाग १ (बीजगणित) आणि भाग २ (भूमिती) अशी दोन पुस्तकं होतात. दहावीत प्रत्येक भागाची ४० गुणांची स्वतंत्र लेखी परीक्षा असते. दोन चलांतील समीकरणं आणि वर्गसमीकरणं तिथे येतात आणि ती दोन्ही आठवीतल्या अवयवांवर आणि एकचल समीकरणांवर उभी असतात. म्हणून आठवीचे हे पाच धडे अर्धवट राहू देऊ नका, भले एखाद्या चाचणीत गुण कमी पडोत.

पहिल्या एक-दोन महिन्यांत गुण थोडे खाली येतील, हे धरूनच चला. अंकगणितात उत्तर बरोबर आलं की काम झालं. इथे मधल्या पायऱ्यांना गुण असतात आणि तोंडी हिशोब करणारी मुलं नेमक्या त्याच गाळतात.

मोठा बदल '=' या चिन्हाचा. सहावीपर्यंत त्याचा अर्थ मुलांच्या मनात 'आता उत्तर लिहा' असा असतो. त्यामुळे ३क्ष + ५ = २० सोडवताना ओळ अशी लांबत जाते: ३क्ष + ५ = २० = १५ = ५. यात २० आणि १५ समान झाले, हे मुलाला खटकतच नाही. (पुस्तकात चलं इंग्रजी अक्षरांत असतात, मी क्ष, य लिहितोय.) एका ओळीत एकच बरोबरचं चिन्ह आणि ती चिन्हं एकाखाली एक, ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावा.

पाटीपेन्सिल

चुका कुठे होतात त्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण बहुतेक घरांत 'निष्काळजीपणा' म्हणून त्यावर पांघरूण पडतं. या चुका ठरावीक असतात आणि प्रत्येकीमागे कारण असतं.

१) 'पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं.' हे वाक्य घरोघरी शिकवलं जातं आणि सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. क्ष + ३ = १२ मध्ये ते चालतं. पण ३क्ष = १२ आलं की मूल क्ष = १२ − ३ लिहितं, नाहीतर १२ ला −३ ने भागतं. नियम पाठ आहे, कारण माहीत नाही. त्याऐवजी तराजू सांगा: दोन्ही बाजूंतून ३ वजा केले, दोन्ही बाजूंना ३ ने भागलं. निदान पहिली पन्नासेक समीकरणं तरी दोन्ही बाजूंवरची क्रिया वहीत लिहूनच सोडवू द्या. पुढे ती पायरी आपोआप गळते.

२) कंसाआधीचं वजा. (५क्ष + ३) − (२क्ष − ७) याचं उत्तर ३क्ष + १० आहे, पण वहीत हमखास ३क्ष − ४ दिसतं. वजा पहिल्या पदालाच लागलं, −७ चं +७ झालंच नाही. याचं मूळ सातवीच्या पूर्णांकांत आहे. मुलीला ३ − (−७) विचारा. क्षणभरही अडली, तर आधी तिथे परत जा.

३) (अ + ब)² = अ² + ब². यावर रागावून उपयोग नाही. अ = ३, ब = ४ घालायला सांगा: डावीकडे ४९, उजवीकडे २५. उरलेले २४ कुठे गेले? वहीच्या चौकटीच्या पानावर ७ × ७ चा चौरस काढा आणि बाजूचे ३ व ४ असे भाग पाडा. ९ आणि १६ चौकटींचे दोन चौरस आणि १२-१२ चौकटींचे दोन आयत दिसतील. ते दोन आयत म्हणजेच २अब.

४) बेरीज आणि गुणाकाराची सरमिसळ. २क्ष + ३क्ष = ५क्ष, पण २क्ष × ३क्ष = ६क्ष². आणि २क्ष + ३य यांची बेरीज पुढे होतच नाही, ती सरूप पदं (तेच अक्षर, तोच घात असलेली) नाहीत. मुलांना असं 'न संपलेलं' उत्तर सहन होत नाही, म्हणून ती ५क्षय लिहून मोकळी होतात. शाळेत पेरू-केळ्यांचं उदाहरण देतात, ते जपून वापरा: 'क्ष म्हणजे पेरू' असं मनात बसलं की पेरू गुणिले पेरू म्हणजे काय, याला उत्तर नाही. क्ष ही संख्या आहे, वस्तू नव्हे. भास्कराचार्यांनी अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हटलं, म्हणजे 'जेवढं असेल तेवढं'. पुढच्या अज्ञातांना कालक, नीलक अशी रंगांची नावं दिली. मुलांना हे फार पटकन कळतं.

५) अपूर्णांकांची समीकरणं. उदाहरणार्थ (क्ष − १)/३ + २ = क्ष/२. लसावि ६, म्हणून प्रत्येक पदाला ६ ने गुणायचं: २(क्ष − १) + १२ = ३क्ष, म्हणून क्ष = १०. मुलं दोन ठिकाणी घसरतात. मधल्या २ ला छेद दिसत नाही म्हणून त्याला गुणत नाहीत. किंवा कंस गाळून २क्ष − १ लिहितात आणि उत्तर ११ येतं. ताळा केला तर दोन्ही चुका तिथल्या तिथे पकडल्या जातात: १० घातलं की डावीकडे ३ + २ = ५, उजवीकडेही ५.

समभुज

सूत्रांच्या पाठांतराबद्दल. पाठ असावीतच, पण कंस गुणून एकदा स्वतः मिळवल्यानंतर. आठवीत (अ + ब)³, (अ − ब)³, (अ + ब + क)² ही सूत्रं येतात. ती न घोकता वीसेक उदाहरणांत वापरली की बसतात. ज्याला नुसती पाठ आहेत तो (२क्ष + ३)³ मध्ये पहिलं पद २क्ष³ लिहितो, कारण अ च्या जागी अख्खं २क्ष जातं हे हाताला माहीत नसतं. ८क्ष³ हवं.

अवयवांना मात्र पाठांतर वेगळं लागतं: पाढे उलटे यायला हवेत. क्ष² − ५क्ष − २४ साठी गुणाकार −२४ आणि बेरीज −५ अशी जोडी हवी. २४ च्या जोड्या १×२४, २×१२, ३×८, ४×६ क्रमाने लिहायच्या, फरक ५ येणारी ३ आणि ८. गुणाकार ऋण म्हणजे चिन्हं विरुद्ध, बेरीज ऋण म्हणजे मोठीला वजा: (क्ष − ८)(क्ष + ३). अंदाजाने जोड्या फेकणारं मूल इथे दहा मिनिटं घालवतं. जोड्या लिहिणारं एका मिनिटात मोकळं होतं.

बहुपदींच्या भागाकारात एकच गोष्ट बघा. क्ष³ − ८ ला क्ष − २ ने भागताना आधी क्ष³ + ०क्ष² + ०क्ष − ८ असं लिहिलं आहे ना? गाळलेल्या घाताची जागा शून्याने भरली नाही, तर खाली सगळे रकाने सरकतात. भागाकार क्ष² + २क्ष + ४, बाकी ०.

गुलमोहर

खूप आभार. पूर्णांक विचारून पाहिले, ३ − (−७) ला खरंच अडली. अजून एक: 'आईचं वय मुलाच्या तिप्पट आहे. १० वर्षांनी ते मुलाच्या वयाच्या दुप्पट होईल' यात तिने ३क्ष + १० = २क्ष + १० लिहिलं आणि उत्तर ० आलं. समीकरण सोडवलंय बरोबर, मग शिकवायचं काय?

पाटीपेन्सिल

सोडवणं येतंय, मांडणी चुकली आहे. 'दुप्पट' हा शब्द मुलाच्या आजच्या वयाला लावला आणि १० वर्षं मागून जोडली. दुप्पट व्हायला हवी १० वर्षांनंतरच्या वयाची. समीकरणाआधी छोटा तक्ता करायला लावा. आज: मुलगा क्ष, आई ३क्ष. १० वर्षांनी: मुलगा क्ष + १०, आई ३क्ष + १०. समीकरण दुसऱ्या ओळीतूनच उचलायचं आणि दुप्पट करताना कंस घालायचा: ३क्ष + १० = २(क्ष + १०). क्ष = १०, आई ३०. ताळा शाब्दिक वाक्यावरच करायचा, समीकरणात नाही, कारण समीकरणच चुकलं असेल तर त्यातला ताळा जुळतोच. तिचं शून्य तिच्या समीकरणात बसतंच. वाक्यात बसवून पाहिलं असतं तर आईचंही वय शून्य निघालं असतं.

खडूफळा

वेळेचं राहिलं. रोज २०-२५ मिनिटं, पाच-सहा उदाहरणं, त्यातली दोन आधीच्या धड्यातली. रविवारी दोन तास बसवलेलं बुधवारपर्यंत टिकत नाही. तुम्ही उत्तर सांगू नका. चुकलेल्या ओळीवर बोट ठेवून 'वरच्या ओळीतून ही कशी आली?' एवढंच विचारा. जूनच्या आधी हातात जे आठवडे आहेत, त्यात आठवीचं पुस्तक उघडू नका. सातवीचे पूर्णांक, परिमेय संख्यांच्या क्रिया आणि बैजिक राशी, याच क्रमाने करा. पूर्णांकांना पहिले दहा दिवस पूर्ण द्या.